मानसिक आजार आणि घराण्याचा इतिहास

आईवडील, भावंडं, मामा-मावशी, काका-आत्या यांच्यापैकी कुणाला मानसिक आजार असेल तर घरातल्या बाकीच्यांना तो व्हायची शक्यता किती वाढते, तो हा विषय. वारशात येतो तो कल, आजार होईलच असं नाही.

अभ्यासाची सुरुवात बहुतेकजण म्युनिकच्या अर्न्स्ट रूडिन या मानसोपचारतज्ज्ञाने साधारण १९१६ च्या सुमारास रुग्णांच्या भावंडांत किती जणांना आजार आहे ते मोजलं तिथून धरतात. हाच रूडिन पुढे नाझींच्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदी कायद्याच्या बाजूने उभा राहिला, त्यामुळे या शाखेकडे लोक बरीच वर्षं संशयाने बघत राहिले आणि ते बरोबरच होतं. खरा वाद रक्त की वातावरण हा, कारण आई आजारी असेल तर मूल वाढतंही तिच्याच हाताखाली, आणि एक काळ तर स्किझोफ्रेनियाचा (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) दोष थेट आईच्या वागण्यावर टाकायचे. लिओनार्ड हेस्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६६ मध्ये, स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांपासून जन्मानंतर लगेच वेगळी झालेली ४७ मुलं मोठेपणी शोधून काढली, त्यातल्या ५ जणांना हा आजार झालेला होता, आणि तशीच वेगळी वाढलेली पण आई आजारी नसलेली ५० होती त्यात एकालाही नाही. आकडे लहान आहेत, तरी आईला दोष देणारं मत त्यानंतर टिकवणं अवघड झालं.

आता ढोबळ अंदाज असा: स्किझोफ्रेनिया एरवी १०० त १ जणाला, आई किंवा वडिलांना असेल तर १० च्या आसपास, दोघांनाही असेल तर ४० च्या पुढे, एकसारख्या जुळ्यांतल्या एकाला असेल तर दुसऱ्याला जेमतेम निम्मी शक्यता. जीन्स तेच असून निम्मेच, म्हणजे बाकीचं काहीतरी बाहेरचं असतंच. डिप्रेशनमध्ये वारशाचा वाटा याहून बराच कमी, बायपोलरमध्ये (मूड कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो तो आजार) डिप्रेशनपेक्षा जास्त. कुठला एकच जीन सापडलेला नाही, २०२२ च्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या डीएनएतल्या २८७ जागा मिळाल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा.

पुण्यात ओपीडीत डॉक्टर कागदावर घराण्याची आकृती काढतात, पुरुषाला चौकोन, बाईला गोल. आई म्हणते "आमच्यात तसलं काही नाही हो", आणि पाच मिनिटांनी आठवतं की धाकटे मामा "जरा तऱ्हेवाईक" होते, एक दिवस घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत. असा चौकोन कोराच राहतो, कारण घरात कुणी त्यावर बोललेलंच नसतं. स्थळ बघताना तर हे सगळं हमखास दडवलं जातं, मुलीच्या बाजूने जास्तच, आणि मग नवीन घरात पहिल्यांदा त्रास झाला की औषध मिळायला उशीर होतो. उलट बाजूही आहे, स्किझोफ्रेनियाच्या बहुतेक रुग्णांच्या आईवडिलांत किंवा भावंडांत हा आजार नसतोच, त्यामुळे "घराण्यात नाही" म्हणून लक्षणांकडे काणाडोळा करू नये. धायरीतल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम कुटुंबांसाठीही चालतं, तिथे हे बोलता येतं.