सणापुरते येणारे भाविक (बेळगाव सीमाभागातील चर्च)

वर्षभर रविवारी न दिसणारे, पण नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर अशा ठरलेल्या दिवशी न चुकता चर्चमध्ये येणारे ख्रिस्ती लोक, आणि त्यांच्यासाठी चर्च करते ती तयारी, पाहुणचार व नंतरच्या भेटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी हा पट्टा, दक्षिणेला हल्याळ-कारवार आणि ईशान्येला बिदर, एवढ्या मुलखातील रीत येथे घेतली आहे. कॅथलिकांच्या बोलण्यात मिस्सा (मुख्य उपासना), फादर, धर्मग्राम (एका चर्चच्या हद्दीतली घरे) हे शब्द येतात. प्रोटेस्टंटांच्या बोलण्यात उपासना, पाळक, मंडळी. अडचणी मात्र दोहोंकडे बऱ्याच अंशी सारख्याच.

सणापुरते येणे हे आजच्या धकाधकीचे फळ, असे प्रवचनातून नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे. प्रत्येक जाणत्या माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन (फादरांपुढे पापांची कबुली) करावे आणि ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी अभिमंत्रित भाकर) घ्यावा, असा नियम कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये घातला. कॅथलिकांना तो आजही लागू आहे. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजन (प्रोटेस्टंटांकडचा तोच विधी) वर्षातून निदान तीनदा घ्यावे, त्यांतले एक ईस्टरला, असे म्हटले आहे. रविवारचा नियम वेगळा होताच. पण किमान किती हे खुद्द चर्चने सांगून ठेवले आणि लोकांनी तेच कमाल धरले.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले आणि १९०४ मध्ये ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे आले. कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी स्थापन झाला. गोव्याकडून आलेली कोकणी घरे, मराठी घरे, कन्नड घरे आणि छावणीमुळे आलेली इंग्रजी-तमिळ बोलणारी कुटुंबे एकाच शहरात नांदतात. हल्याळकडे सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) कॅथलिकांची कोकणी पुन्हा वेगळी. उपासनेत लोकभाषा वापरण्याची वाट कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये मोकळी केली. पण बेळगावात लोकभाषा म्हणजे कोणती, याचे उत्तर तिला द्यावे लागले नाही. ते दर रविवारी धर्मग्रामाचे फादर देतात, आणि कोणी ना कोणी नाराज होतेच.

येणारे कोण

या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे ही पहिली चूक. काही जण पुणे, मुंबई, गोवा, बंगळूर किंवा आखातातून गावी आलेले असतात. ते नोकरीच्या गावी नेमाने चर्चला जात असतील. काही सैन्यातले, रजेवर आलेले. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने लष्करी घरे नेहमी येत-जात असतात. काहींचे कामच रविवार मानत नाही: साखर कारखान्याचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि नाताळ नेमका त्याच्या मधोमध येतो. तिन्ही पाळ्यांत जाणाऱ्या माणसाला नाताळची एक सुट्टी मिळाली तरी पुष्कळ.

उरलेले दोन गट चर्चच्या दारापासून दोन गल्ल्यांवर राहतात. एक, ज्यांना रविवारची भाषा आपली वाटत नाही. दुसरा, दुखावलेले. मर्तिकाच्या वेळी थकलेल्या वर्गणीचा विषय निघाला, आंतरधर्मीय लग्नावरून पंच मंडळी काही बोलली, कबरीच्या जागेवरून वाद झाला, अशी कारणे असतात. ती दहा वर्षे जुनी असली तरी त्या घरात कालची असतात. पहिल्या तीन गटांसाठी चर्चला फार काही करता येत नाही, या दोघांसाठी येते. प्रत्यक्षात सगळा मांडव, रोषणाई आणि केक पाहुण्यांसाठी होतो, जे दोन जानेवारीच्या बसने जाणारच असतात.

सणाआधी

सर्वांत उपयोगी साधन म्हणजे कॅरलची फेरी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तरुण मंडळ संध्याकाळी घरोघर नाताळगीते म्हणत फिरते. एका घरी बारा ते पंधरा मिनिटे धरली तर साडेसहा ते साडेनऊपर्यंत आठ-दहा घरे होतात. चहा-करंजी आली की सहाच. दोनशे घरांच्या धर्मग्रामाला म्हणून दोन किंवा तीन तुकड्या लागतात. फेरीची यादी बहुधा गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवतात आणि तिथेच घोटाळा होतो: ज्या दारी गेल्या वर्षी कुलूप होते ते घर यंदा यादीतून गळते. बरोबर रीत उलटी आहे. बाप्तिस्मा, लग्न आणि मर्तिक यांच्या नोंदवह्यांतून मागच्या वीस वर्षांतली घरे काढून रविवारच्या हजेरीशी ताडून पाहावीत. जी घरे वहीत आहेत पण बाकावर नाहीत, तिथे आधी जावे. गाणे त्या घरच्या भाषेत म्हणावे, निदान पहिले तरी. दानाचा डबा अशा घरी पुढे करू नये. पहिल्या भेटीत डबा वाजला की आलेले माणूस वसुलीला आले, असाच समज होतो.

कॅथलिकांकडे पापनिवेदनाचा हिशेब वेगळा करावा लागतो. एका माणसाला चार-पाच मिनिटे धरली तर एक फादर तासाला बारा ते पंधरा जणांचे ऐकतो. वर्षाने आलेल्याला जास्त वेळ लागतो, शिवाय तो शब्द विसरलेला असतो. चोवीस तारखेच्या संध्याकाळी रांग लावली की निम्मे लोक कंटाळून निघून जातात. शेजारच्या धर्मग्रामातले दोन-तीन फादर बोलावून २० डिसेंबरच्या आत दोन संध्याकाळी हे उरकणे आणि पापनिवेदन कसे करायचे याचे अर्ध्या पानाचे टिपण बाकावर ठेवणे, एवढ्याने काम भागते.

सणाच्या दिवशी

बाकांवरून होणारा अपमान हा सगळ्यांत जुना. नेमाने येणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. सणाला दुसरे कोणी तिथे बसले की ‘ही आमची जागा’ असे शब्दांनी नाही तरी नजरेने कळते. उपाय साधा: सभासद, गायकवृंद आणि पंच यांनी त्या दिवशी पुढच्या आणि बाजूच्या बाकांवर बसावे, मधल्या वाटेकडच्या कडा मोकळ्या ठेवाव्यात. उशिरा येणारा पुढे जायला लाजतो. त्याला मागची, दाराजवळची जागा हवी असते, आणि नेहमीचे लोक आधी येऊन नेमकी तीच अडवतात. बाहेर मांडवात खुर्च्या टाकल्या तर तिथे गायनाचे कागद आणि एक गायक ठेवावा. नाहीतर मांडवातले लोक प्रेक्षक होतात.

दारावर दोघे असावेत, चौघे नकोत. त्यांतला एक जुना आणि गावातली घरे ओळखणारा असावा. ‘अमक्याची सून ना तू? सासूबाईंची तब्येत कशी आहे?’ एवढे विचारणारी मावशी दारात असेल तर रंगीत स्वागतफलकाची गरज उरत नाही. ‘अरे वा, आज सूर्य कुठे उगवला!’ ही थट्टा मात्र कटाक्षाने टाळावी. तीच गोष्ट प्रवचनात ‘वर्षाने दिसणारे चेहरे’ या उल्लेखाची. सणाला माहेरी आलेल्या लेकीला कोणी ‘एरवी का येत नाहीस’ म्हणून उंबऱ्यावर अडवत नाही.

भाषा हा अवघड भाग. सगळ्यांचे समाधान व्हावे म्हणून वाचने, प्रवचन आणि सूचना सगळ्या भाषांत केल्या तर सव्वा तासाची उपासना अडीच तासांवर जाते आणि मुले रडू लागतात. निभावणारी मांडणी अशी: वाचने वाटून घ्यावीत, एक मराठीत, एक कन्नडमध्ये, प्रवचन एकाच भाषेत दहा-बारा मिनिटे, दुसऱ्या भाषेत त्याचा दोन मिनिटांचा सारांश, सूचना बोलायच्या नाहीत, छापायच्या. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत एकदम म्हणावी. पहिल्या ओळीला गलका वाटतो, तिसऱ्या ओळीपासून लय सापडते. प्रतिसादांचा कागद मोठ्या अक्षरांत असावा आणि त्यात कधी उभे राहायचे, कधी बसायचे हेही असावे. वर्षाने आलेल्याला सगळ्यांत जास्त भीती असते ती सगळे बसलेले असताना एकट्याने उभे राहण्याची.

ख्रिस्तप्रसादाच्या वेळी संकोच होतो. कॅथलिक मिस्सात इतर पंथीयांना आणि बाप्तिस्मा न झालेल्यांना तो सहसा दिला जात नाही. ‘छातीवर हात आडवे धरून पुढे या, आशीर्वाद घ्या’ ही सूचना रांग लागण्याआधी शांतपणे दिली तर कोणालाही वेदीसमोरून परतवावे लागत नाही. मेथडिस्टांकडे प्रभुभोजन इतर मंडळ्यांच्या सभासदांनाही खुले असते, पण ते सांगितले नाही तर पाहुणा बसूनच राहतो. वाटपाचा वेग एका वाटणाऱ्यामागे मिनिटाला दहा-बारा जण. सहाशे लोकांना दोन वाटणारे असतील तर अर्धा तास जातो, चार असतील तर पंधरा मिनिटे.

एक गफलत गुड फ्रायडेला हमखास होते. त्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. आदल्या दिवशीच्या, पवित्र गुरुवारच्या मिस्सात अभिमंत्रित केलेला ख्रिस्तप्रसादच शुक्रवारी वाटतात. गुरुवारची गर्दी नेहमीची, शुक्रवारची सणाची. गुरुवारच्या अंदाजाने भाकरी ठेवल्या तर शुक्रवारी एकेका भाकरीचे चार तुकडे करायची वेळ येते. मागच्या वर्षीच्या शुक्रवारचा आकडा वहीत असेल तर हे टळते.

ध्वनिक्षेपकाचेही बघावे लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ बाहेर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. बंदिस्त सभागृहाच्या आत आवाज चालतो, मांडवात नाही. म्हणून मांडव घालणाऱ्यांनी परवानगी आधीच काढावी किंवा चोवीसची मिस्सा आठला घ्यावी. लहान मुलांच्या आया आणि गावाबाहेरून येणारे यांना आठची वेळ तशीही बरी पडते.

पंचवीसच्या संध्याकाळी गोठा (येशूजन्माचा देखावा) पाहायला शेजारचे हिंदू, मुसलमान, जैन कुटुंबे येतात. हे सणापुरते भाविक नव्हेत, पाहुणे. त्यांची रांग वेगळी असावी आणि गोठा चर्चबाहेर बाजूला मांडावा, म्हणजे उपासनेत वर्दळ होत नाही. धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटक विधानसभेने बेळगावच्याच अधिवेशनात मंजूर केले आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी काळजी घेतली जाते: केकचा तुकडा आणि शुभेच्छा सगळ्यांना, पण पत्रके, मुलांना भेटवस्तू आणि फोन नंबर लिहून घेणे फक्त आपल्या वहीतल्या घरांपुरते.

सणानंतर

बाहेरगावचे लोक नव्या वर्षाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत परततात. त्यांना भेटायचे तर २६ ते ३१ डिसेंबर एवढेच दिवस हातात असतात, आणि त्याच आठवड्यात थकलेले फादर, पाळक आणि गायकवृंद सुट्टी घेतात. २०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे, म्हणजे दोनच दिवसांनी रविवार. शुक्रवारी भारावून गेलेला माणूस रविवारी पुन्हा आला तर त्याला अर्धी रिकामी बाके, वादकाविना गाणे आणि ओळख न दाखवणारे चेहरे भेटतात. तो रविवार नीट सांभाळणे शंभर पत्रिकांपेक्षा मोलाचे आहे: दारावर तेच दोघे, एक पाठ असलेले गीत, नंतर चहा.

चर्चजवळच राहणाऱ्या त्या दोन गटांकडे जानेवारीत जावे. भेट वीस मिनिटांची; पहिल्या भेटीत ‘का येत नाही’ हा प्रश्न नाही, वर्गणीचा विषय नाही. दुखावलेल्या घरी ज्याच्या बोलण्याने दुखले त्याला नेऊ नये आणि त्याची बाजूही मांडू नये. निघताना पुढच्या दोन तारखा लिहून द्याव्यात. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेवर ठरतो आणि २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही येतो. २०२६ मध्ये तो ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. नेमाने न येणाऱ्याला ही तारीख आपणहून कळत नाही, राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) तर नाहीच.

नोंद ठेवताना रकाने थोडे असावेत: घरचे नाव, मूळ गाव, सध्याचे गाव, बोलण्याची भाषा, कोणत्या सणाला आले, कोण भेटले. फादरांची किंवा पाळकांची बदली झाली की ही माहिती त्यांच्या मोबाइलबरोबर जाते. वही चर्चच्या कपाटात राहते. व्हॉट्सअॅप गटात सगळ्यांना घालणे सोपे, पण दुखावलेला माणूस ज्याने दुखावले त्याच्यासह दोनशे जणांच्या गटात पडला की पहिल्याच दिवशी बाहेर पडतो.

तिसरा सण

नाताळ-ईस्टरलाही न येणारे लोक २ नोव्हेंबरला येतात, तेही चर्चमध्ये नव्हे, कबरस्तानात. मृतांच्या स्मरणाच्या या दिवशी कॅथलिक कुटुंबे आदल्या दिवसापासून कबरी धुतात, चुना देतात, झेंडूची फुले आणि मेणबत्त्या मांडतात. फादर कबरींमधून आशीर्वादाचे पाणी शिंपडत फिरतात. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात प्रभात उपासना घेतात, तिथेही हेच दिसते. या दिवशी आलेला माणूस घाईत नसतो आणि त्याला कोणी कशाचा जाब विचारत नाही. मृतांची नावे मिस्सात वाचण्यासाठी चिठ्ठ्या गोळा होतात. चिठ्ठीत मृताच्या नावाखाली देणाऱ्याचे नाव आणि गल्ली यांसाठी एक ओळ जास्त छापली, तर डिसेंबरच्या कॅरलफेरीच्या वाटेत ती घरे घालता येतात.