ध्रुवीय वातावरणाचे रसायनशास्त्र

आर्क्टिक आणि अंटार्क्टिका या दोन्ही ध्रुवप्रदेशांवरील हवेत कोणते वायू, कण आणि आम्ले असतात, ती कुठून येतात आणि तिथल्या थंडीत, अंधारात व बर्फावर त्यांच्यात काय बदल होतात, याचा अभ्यास करणारी वातावरणविज्ञानाची शाखा. ध्रुवांजवळ वस्ती विरळ आणि कारखाने मोजके. तिथे सापडणारी बहुतेक प्रदूषके उष्ण व समशीतोष्ण मुलखांतून वाऱ्याबरोबर गेलेली असतात. त्यामुळे हा विषय तापीकाठच्या कपाशी-केळीच्या प्रदेशालाही तितकाच लागू आहे, आणि ही नोंद त्याच अंगाने लिहिली आहे.

ध्रुवीय हवेचे पहिले लक्षण म्हणजे तिचे थर एकमेकांत मिसळत नाहीत. धुळे परिसरात पौष-माघात पहाटे पारा उतरतो तेव्हा शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर वर न चढता शिवारावर आडवा पसरून राहतो. जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्याहून उबदार झाल्यामुळे त्याला वर जायला वाट नसते. आपल्याकडे ऊन चढले की हे झाकण उघडते. ध्रुवावर सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही, म्हणून तिथे ते हिवाळाभर टिकते. १९५० च्या दशकात आर्क्टिकवरून उडणाऱ्या वैमानिकांना जे मळकट धुके दिसले ते याच प्रकारचे होते. त्यातली सल्फेटे आणि काजळी मुख्यतः युरोप-आशियातून आलेली असते, आणि हिवाळ्यात हिमवृष्टी कमी असल्याने ती धुऊनही निघत नाही. हीच काजळी बर्फावर बसली की ऊन शोषते आणि बर्फ लवकर वितळतो.

या शाखेला जगभर ओळख मिळाली ती ओझोनच्या विवरामुळे, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणारा वरच्या हवेतला ओझोनचा थर ध्रुवावर विरळ झाल्यामुळे. अंटार्क्टिकातील हॅली या ब्रिटिश केंद्रावर १९५७ पासून डॉब्सन या ओझोनमापक उपकरणाने डोक्यावरच्या हवेतला ओझोन मोजला जात होता. वर्षानुवर्षे तेच उपकरण आणि तीच नोंदवही, असे हे कंटाळवाणे वाटणारे काम. त्याच नोंदींतून जो फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की ऑक्टोबरमधला ओझोन सुमारे ३०० डॉब्सन एककांवरून (ओझोन मोजण्याचे एकक) २०० च्या आसपास आला आहे. क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायूंतले क्लोरीन ओझोन नष्ट करू शकते, हे मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी १९७४ मध्येच मांडले होते. पण हे वायू फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांतून सुटत होते ते बहुतांशी उत्तर गोलार्धात. मग घट दक्षिण ध्रुवावर का? आणि तीही नेमकी वसंतातच (तिकडचा वसंत म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर) का?

उत्तर ढगांत होते. हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवती वाऱ्यांचा भोवरा फिरतो आणि आतली हवा बाहेरच्या हवेपासून तुटते. १५ ते २५ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७८ अंशांखाली गेले की नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे विरळ ढग बनतात. एरवी क्लोरीन हायड्रोजन क्लोराइड आणि क्लोरीन नायट्रेट या दोन संयुगांत अडकून निरुपद्रवी राहते. या ढगांतल्या कणांच्या पृष्ठभागावर ती दोन्ही एकमेकांशी अभिक्रिया करतात आणि क्लोरीन वायू सुटतो. सप्टेंबरमध्ये सूर्यकिरण पोहोचताच त्याचे अणू वेगळे होतात आणि ओझोनचा ऱ्हास सुरू होतो. एकच अणू पुन्हा पुन्हा कामाला येतो, म्हणून नाश इतका मोठा. सुसान सोलोमन यांनी १९८६ मध्ये ही उपपत्ती मांडली आणि त्याच वर्षी अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो केंद्रावर जाऊन मोजमापेही घेतली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचे हे सर्वांत सुंदर उलगड्यांपैकी एक आहे. आर्क्टिकचा भोवरा डोंगर व जमिनींमुळे डळमळता आणि थोडा उबदार असतो. त्यामुळे तिथे एवढी घट सहसा होत नाही. २०११ आणि २०२० ही ठळक अपवादाची वर्षे.

१९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने हे वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. तरीही २०२२ च्या जागतिक आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला २०६६ च्या आसपासचा काळ लागेल, कारण यांतले काही वायू हवेत शंभर वर्षे टिकतात.

हवेच्या खालच्या थरात बर्फ स्वतःच अभिक्रियेत उतरतो. समुद्री बर्फावरच्या खारट थरातून वसंतात ब्रोमीन सुटते आणि जमिनीलगतचा ओझोन काही तासांत जवळजवळ शून्यावर येऊ शकतो. कॅनडातील अलर्ट केंद्रावर १९८० च्या दशकात हे दिसले. त्यासोबत हवेतला पारा हा धातूही बर्फावर येऊन बसतो, हे तिथेच १९९५ मध्ये कळले.

उष्ण प्रदेशातली कीटकनाशके ध्रुवापर्यंत कशी पोहोचतात, हे समजायला सातपुड्यातली मोहाची भट्टी डोळ्यांपुढे आणावी. खाली आच, वर गार भांडे. वाफ गाराला लागली की थेंब धरते. पृथ्वीवरही असेच ऊर्ध्वपातन चालते. भुसावळच्या ४५ अंशांच्या वैशाखात जमिनीवरून आणि पानांवरून उडणारी वाफ वाऱ्याबरोबर जाते, गार जागी उतरते, पुन्हा उन्हात उडते, आणि टप्प्याटप्प्याने थंड प्रदेश गाठते. तिथून मात्र तिला परत उडायला उष्णता मिळत नाही. फवारणीच कधी न झालेल्या अंटार्क्टिकात पेंग्विनच्या शरीरात डीडीटी सापडल्याचे १९६६ मध्येच प्रसिद्ध झाले. बोंडअळीसाठी कपाशीवर वर्षानुवर्षे मारलेले एंडोसल्फानही आर्क्टिकच्या हवेत आढळले; २०११ मध्ये ते टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्यावर बंदी घातली. ध्रुवावरचा कण कोणत्या शिवारातून आला, हे सांगता येत नाही. पण सील आणि देवमाशाच्या चरबीत ही विषे साठत जातात, आणि ते मांस हेच ज्यांचे अन्न त्या आर्क्टिकमधल्या इनुइट मातांच्या दुधात तशाच टिकाऊ पीसीबी या औद्योगिक संयुगांचे प्रमाण जास्त आढळले. ज्यांनी ही रसायने कधी वापरली नाहीत त्यांच्या पोरांच्या तोंडी ती जावीत, हे मला फार लागते.

भारताचे अंटार्क्टिकातील पहिले केंद्र दक्षिण गंगोत्री. पुढे मैत्री (१९८९) आणि भारती (२०१२). आर्क्टिकमध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर हिमाद्री २००८ पासून आहे. भारताच्या या ध्रुवीय संशोधनाचे मुख्यालय गोव्यात वास्को येथे आहे. ध्रुवांवर नमुने घेताना सर्वांत मोठी अडचण म्हणजे माणसाची स्वतःची हवा. दक्षिण ध्रुवावर काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरताना वाऱ्याकडे तोंड करून श्वास रोखून धरतात, नाहीतर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइडच मोजला जायचा.

जुनी हवा मात्र बर्फातच मिळते. हिम दबत गेले की त्यात बुडबुडे कोंडले जातात. अंटार्क्टिकातील डोम सी येथे खोल खोदून काढलेल्या बर्फाच्या गाभ्यात आठ लाख वर्षांची हवा आहे आणि त्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण १८० ते ३०० भाग प्रतिदशलक्ष यांदरम्यान राहिला. आज तो ४२० च्या वर आहे. याच बुडबुड्यांतून नायट्रस ऑक्साइडही मोजता येतो. औद्योगिक काळापूर्वी तो २७० भाग प्रतिअब्जच्या आसपास होता, आता ३३० च्या पुढे गेला आहे. वाढीचे मोठे कारण नत्रखते. रावेर-यावलच्या केळीला किंवा चोपड्याच्या कपाशीला दिलेल्या युरियातले जे नत्र पीक घेत नाही, त्यातले थोडे मातीतल्या जिवाणूंमुळे या वायूच्या रूपाने उडते आणि शंभराहून अधिक वर्षे हवेत राहते. वर गेल्यावर तोही ओझोन खातो. आज माणसाच्या कामांतून सुटणाऱ्या वायूंमध्ये ओझोनला सर्वांत जास्त धक्का याचाच बसतो, असे २००९ मध्ये ए. आर. रविशंकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मॉन्ट्रियल कराराच्या यादीत हा वायू नाही.