टिश्यू स्लाइडच्या सेटसोबत: पेशींची जंक्शनं कुठे शोधायची

आमच्याकडून स्लाइडचा सेट नेला की फोंडा, डिचोलीकडच्या टीचर हमखास फोन करतात, पुस्तकात टाइट, अ‍ॅड्हीरिंग आणि गॅप अशी जंक्शनं, म्हणजे शेजारच्या पेशींमधले जोड, दिलीयत पण स्लाइडवर कायच दिसत नाही, स्लाइड खराब आहे काय? स्लाइड चांगली आहे. साध्या मायक्रोस्कोपला साधारण 0.2 मायक्रोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि गॅप जंक्शनमधली फट असते 2 ते 4 नॅनोमीटरची, म्हणजे निदान पन्नास पट बारीक. एपिथेलियममधे, म्हणजे अवयवांना आतून-बाहेरून झाकणाऱ्या पेशींच्या थरात, वर टाइट, त्याखाली अ‍ॅड्हीरिंग, मग डेस्मोसोम हे आणखी एक जंक्शन, हा क्रम 1963 साली फार्क्वार आणि पलाडे या शास्त्रज्ञांनी मांडला तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप वापरूनच.

तरी दोन स्लाइडवर खुणा नक्की सापडतात. पहिली हृदयाच्या स्नायूची, आणि आमच्या मते सेटमधली हीच सगळ्यात भारी. 40चं ऑब्जेक्टिव्ह लावा, डायफ्रॅम थोडा बंद करा, तंतूंना आडव्या गडद रेघा दिसतील, त्या इंटरकॅलेटेड डिस्क, म्हणजे हृदयाच्या दोन पेशी जिथे जुळतात ती जागा. तिथे डेस्मोसोम टिचबटणासारखे दोन पेशी घट्ट धरतात, नाहीतर प्रत्येक ठोक्याला त्या सुटल्या असत्या, आणि तिथेच गॅप जंक्शन आहेत, दोन्ही बाजूंनी सहा-सहा कनेक्सिन प्रोटीन जुळून झालेली नळी, तिच्यातून आयन पलीकडे जातात म्हणून सगळ्या पेशी एका तालात आकुंचन पावतात.

दुसरी त्वचेची. मधल्या थरात पेशींच्या कडेला बारीक काटे दिसतात. स्लाइड करताना पेशी आक्रसतात पण डेस्मोसोम सुटत नाहीत, म्हणून तेवढीच जागा ताणून राहते. पेम्फिगस आजारात शरीरच या डेस्मोसोममधल्या डेस्मोग्लीन प्रोटीनवर हल्ला करतं, मग पेशी सुटतात आणि अंगावर फोड येतात. मुलांना हे सांगा, डेस्मोसोम कशाला लागतात ते लगेच कळतं.

आतड्याच्या स्लाइडवर टाइट जंक्शन वेगळं दाखवता येणार नाही, तिथे फळ्यावर चित्र काढा, अन्नातले पदार्थ दोन पेशींच्या फटीतून हवे तसे झिरपू नयेत म्हणून ते असतं. रक्ताच्या स्लाइडवर जंक्शन शोधू नका, त्या पेशी सुट्याच फिरतात.

पावसाळ्यात बॉक्समधे सिलिका जेल ठेवा, आपल्याकडच्या दमटपणात बुरशी लवकर धरते. हृदयाच्या स्लाइडमधे तंतू लांबीला न कापता आडवे कापलेले आले असतील तर रेघा धड दिसणार नाहीत, आणून द्या, बदलून देतो.