बसलेल्या रिंगा आणि ग्लेझ झालेला बोअर

नव्याने बांधलेल्या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, काही काळाने उतरवले आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी) चकाकताना दिसला, की पिस्टनवरच्या रिंगा छान बसल्या असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ही चकाकी दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते, आणि त्यांतले एक कारण इंजिन पुन्हा खोलायला लावणारे असते.

होनिंगमुळे, म्हणजे बोअर दगडाने बारीक घासल्यामुळे, त्याच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी उमटते. त्या रेषांचे कंगोरे आणि रिंगांची कड एकमेकांवर घासून कंगोरे सपाट होतात, मधल्या खाचा मात्र ऑइल धरून ठेवण्यापुरत्या शिल्लक राहतात. यालाच रिंगा बसणे म्हणतात. रिंगेच्या स्वतःच्या ताणाने हे काम पुरेसे होत नाही. ज्वलनाचा वायू वरच्या रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, आणि हा दाब इंजिनावर भार असतानाच मोठा असतो.

इंजिन तासन्‌तास आयडलिंगवर ठेवले किंवा काळजीपोटी अगदी हलक्या पायाने चालवले, तर हा दाब कमी पडतो, रिंग ऑइलच्या थरावर नुसती सरकत राहते, शेजारून निसटणारे तप्त वायू ते ऑइल भाजून काढतात आणि त्याचे कडक, गुळगुळीत पुट खाचांवर चढते. हे ग्लेझ. पहिल्या चकाकीत धातू झिजलेला असतो, दुसरीत तो झाकला गेलेला असतो. तिरप्या उजेडात पाहिल्यास बसलेल्या बोअरमध्ये जाळी पुसट का होईना, पण दिसते. ग्लेझखाली ती हरवते.

इंजिन न खोलता हा फरक ओळखणे अवघड आहे, कारण सुरुवातीला निळसर धूर, ऑइलचा खप आणि ब्रीदरमधून (क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारा वायू रिंगा अजून बसत असताना आणि ग्लेझ झाल्यावर सारखाच असतो. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, वाढते का, हे पाहण्याची चाचणी गळती रिंगांची की व्हॉल्व्हची एवढेच सांगते. रिंगा अजून बसायच्या आहेत की बसणारच नाहीत, हे तिला सांगता येत नाही. ते कळते ऑइलच्या खपावरून: रिंगा बसत असतील तर तो कमी होत जाऊन स्थिरावतो, ग्लेझमध्ये तो तसाच राहतो.

म्हणूनच ‘नवे इंजिन, जपून चालवा’ हा सल्ला माझ्या मते अर्धाच बरोबर आहे. इंजिन गरम झाल्यावर मध्यम फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबावा आणि मग सोडून द्यावा. पेट्रोल इंजिनात सोडताना निर्माण होणारी पोकळी ऑइल वर ओढते आणि झिजलेले कण धुऊन नेण्यास मदत करते. घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह या काळात टाळावीत.

एकदा ग्लेझ पक्के झाले, की आणखी चालवून ते सहसा जात नाही. बोअर हलका होन करून नव्या रिंगा घालाव्या लागतात, आणि त्याआधी होनिंगची भुकटी गरम साबणाच्या पाण्याने धुवावी लागते, कारण नुसत्या पेट्रोलने पुसल्यास ती खाचांत तशीच राहते. ऑइल लावलेले पांढरे फडके भिंतीवरून फिरवून ते करडे होईनासे होईपर्यंत हे धुणे चालू ठेवावे.