मार्क व्हिडुका: मेलबर्नच्या क्रोएशियन मैदानावरून युरोपात

मेलबर्नच्या सनशाइन नॉर्थ या उपनगरात नाइट्स स्टेडियम नावाचं साधंसं फुटबॉल मैदान आहे. तिथल्या मुख्य स्टँडला ऑस्ट्रेलियाचा फुटबॉलपटू मार्क व्हिडुकाचं नाव दिलेलं आहे. घरच्या पोराला युरोपात पाठवल्यावर क्लबच्या हाती जी रक्कम आली, तिच्यातूनच तो स्टँड उभा राहिला. व्हिडुकाची ओळख बहुतेकांना इंग्लंडच्या लीड्स क्लबच्या पांढऱ्या जर्सीतला धिप्पाड स्ट्रायकर म्हणून आहे. पण त्याची युरोपातली कारकीर्द तशी का घडली, हे समजायचं तर सुरुवात या मैदानापासून करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून लाखो माणसं ऑस्ट्रेलियात आली. क्रिकेट, रग्बी आणि ऑस्ट्रेलियन रूल्स (फुटबॉलचा तिथला स्वतःचा प्रकार) हे तिथले मानाचे खेळ. फुटबॉल म्हणजे परदेशी लोकांचा खेळ, अशीच स्थानिकांची समजूत होती. मग ग्रीकांनी आपला क्लब काढला, इटालियनांनी आपला, क्रोएशियनांनी आपला. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर जाऊन आपल्या भाषेत ओरडायचं. १९५३ मध्ये निघालेला मेलबर्न क्रोएशिया हा अशांपैकीच एक. नव्वदच्या दशकात राष्ट्रीय लीगने क्लबांच्या नावांतून मायदेशाच्या खुणा काढायला लावल्या आणि त्याचा मेलबर्न नाइट्स झाला. नाव बदललं, माणसं तीच राहिली.

९ ऑक्टोबर १९७५ रोजी जन्मलेला व्हिडुका याच समाजातला. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये तयार होऊन तो नाइट्सकडून खेळू लागला आणि सलग दोन हंगाम राष्ट्रीय लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच होते. १९९४-९५ चं विजेतेपदही नाइट्सने मिळवलं. १९९५ मध्ये क्रोएशियाचे अध्यक्ष फ्रान्यो तुज्मान मेलबर्नला आले, तेव्हा नाइट्सच्या मैदानावरही गेले. व्हिडुकाने झाग्रेबला यावं म्हणून त्यांनी स्वतः शब्द टाकला. स्वतंत्र होऊन चारच वर्षं झालेल्या, युद्धात होरपळत असलेल्या देशाचा अध्यक्ष एकोणीस वर्षांच्या मुलाला बोलावतो आहे! त्या घराला, त्या क्लबला काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

पण हाच शब्द पुढे त्याला नडला. झाग्रेबच्या दिनामो क्लबचं नाव तुज्मान यांच्या काळात बदलून क्रोएशिया झाग्रेब केलं गेलं होतं आणि कट्टर चाहत्यांना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी व्हिडुका म्हणजे अध्यक्षांचा माणूस. संघाने १९९६ ते १९९८ अशी सलग तीन वर्षं लीग आणि चषक दोन्ही जिंकले, तरी राजकारणावरचा राग त्याच्यावर निघत राहिला. ज्या देशाचं नाव लहानपणापासून अभिमानाने घेतलं, त्याच देशाच्या राजधानीत घरच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवावी, हे फार लागणारं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबने त्याला घेतलं. थोड्याच दिवसांत, ताण सहन होत नाही असं सांगून तो तिथूनही निघून गेला. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याला नखरेल ठरवलं. मला ते आजही अन्यायाचं वाटतं. खेळाडूच्या मनाच्या थकव्याबद्दल त्या काळी कोणी बोलतच नव्हतं.

तो काही आठवड्यांनी परतला आणि १९९९-२००० च्या हंगामात लीगमध्ये २५ गोल करून स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच हंगामात, फेब्रुवारी २००० मध्ये, छोट्या इन्व्हरनेस संघाने सेल्टिकला चषकातून बाहेर काढलं. त्या सामन्यात मध्यंतराला प्रशिक्षकांशी वाद झाला आणि व्हिडुका उत्तरार्धात मैदानात उतरलाच नाही. ही बाजूही त्याच्यात होती.

मग लीड्स. ४ नोव्हेंबर २००० रोजी लीड्सच्या एलंड रोड मैदानावर लिव्हरपूल दोन गोलांनी पुढे होतं. व्हिडुकाने दोन गोल करून बरोबरी साधली. लिव्हरपूल पुन्हा पुढे गेलं. तिसऱ्या गोलच्या वेळी चेंडू पायाशी घेऊन तो गोलाकडे पाठ करून उभा होता. एवढा जड देह, पण जागच्या जागी असा गर्रकन वळला की बचाव करणारा मागेच राहिला, आणि चेंडू खालच्या कोपऱ्यात गेला. चौथ्या वेळी पुढे आलेल्या गोलरक्षकावरून त्याने चेंडू अलगद उचलला. लीड्स ४, लिव्हरपूल ३, चारही गोल व्हिडुकाचे. ताकद आणि नजाकत एकाच अंगात क्वचितच नांदतात, त्याच्यात ती नांदली. लीड्स त्या हंगामात चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत गेलं. पुढे क्लब कर्जात बुडाला आणि २००४ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. व्हिडुका मिडल्सब्रो या दुसऱ्या इंग्लिश क्लबकडे गेला आणि २००६ च्या यूएफा चषकाची, म्हणजे युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेची, अंतिम लढत खेळला.

पण या गोष्टीचं वर्तुळ पूर्ण झालं ते ऑस्ट्रेलियाच्या जर्सीत. १९७४ नंतर ऑस्ट्रेलिया विश्वचषकाला पोहोचलाच नव्हता. नोव्हेंबर २००५ मध्ये सिडनीत उरुग्वेविरुद्धचं पेनल्टी शूटआउट जिंकून ऑस्ट्रेलियाने विश्वचषक गाठला. कर्णधार व्हिडुकाची पेनल्टी हुकली होती, गोलरक्षक मार्क श्वार्झरच्या हातांनी संघाला तारलं. जर्मनीतल्या त्या विश्वचषकात गटातला शेवटचा सामना आला तो नेमका क्रोएशियाशी. २२ जून २००६, श्टुटगार्ट. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

ऑस्ट्रेलियाच्या संघात क्रोएशियन आडनावांची रांग होती. समोर क्रोएशियाच्या बचावफळीत योसिप शिमुनिच. त्याचा जन्म कॅनबेराचा, आणि तोही मेलबर्न नाइट्सकडूनच खेळून युरोपात गेलेला. दोन पिवळ्या कार्डांनंतर खेळाडूला बाहेर जावं लागतं, पण पंच ग्रॅहम पोल यांनी शिमुनिचला तीन दाखवली ती याच सामन्यात. त्याचं एक कार्ड त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या ३ क्रमांकाच्या खेळाडूच्या नावावर लिहिलं होतं. सामना २-२ असा सुटला आणि ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. सनशाइन नॉर्थच्या जुन्या मंडळींनी त्या दिवशी कोणासाठी टाळ्या वाजवल्या असतील? बहुधा दोघांसाठीही.

व्हिडुकाचं शेवटचं इंग्लिश ठिकाण न्यूकॅसल. २००९ मध्ये तो थांबला, तेव्हा प्रीमियर लीगमधले त्याचे गोल ९२ झाले होते. खेळ सुटल्यावर राहायला त्याने झाग्रेबच निवडलं. तिथे तो कॅफे चालवतो.