पोटातल्या बाळाशी काय बोलायचं?

तासगावात परवा एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाल्यावर सातव्या महिन्यातली ती पोर हळूच म्हणाली, "मावशी, सगळे म्हणतात बाळाशी बोल. मला काही सुचतच नाही."

साधारण 25 ते 28 आठवड्यांच्या सुमारास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. पोटातून आणि गर्भजलातून जाताना बाहेरच्या आवाजातला बारीक, उंच भाग गळतो. जाड स्वर, हेल आणि लय उरते. भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसं. आईचा आवाज मात्र हवेतून आणि तिच्या हाडामांसातून, दोन्ही वाटांनी पोचतो. 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल तशी आपली लय बदलली!

तेव्हा मी तिला म्हटलं, वेगळं पाठांतर नको. तू भाजीवालीशी घासाघीस करतेस, आईशी फोनवर बोलतेस, ते त्याच्या कानावर पडतंच आहे.

वडिलांच्या आवाजाला नवजात बाळं अशी पसंती देत नाहीत, असं 1984 च्या प्रयोगात दिसलं. तरी द्राक्षबागेतून दमून आलेल्या बापानं पोटावर हात ठेवून बसावंच. लाथ हाताला लागली की त्याला बाळ खरं वाटू लागतं.

मग तिनं मनातलं सांगितलं. महिनाभर रडू येतंय, बाळाबद्दल काही वाटतच नाही, आणि सासूबाई म्हणतात, रडलीस तर बाळाला त्रास होईल. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. वारेत, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवात, एक विकर (एन्झाइम) असतं. ते आईच्या रक्तातल्या कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग निष्क्रिय करतं. चार अश्रूंनी बाळाचं काही बिघडत नाही. पण महिनाभराचं रडू हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत सुमारे 15.6 टक्के गरोदर स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. आपल्याकडे त्याला 'डोहाळे' म्हणून सोडून देतात, हे मला पटत नाही.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथं रक्तदाबाइतक्याच सहजपणे हेही सांगायचं, असं आमचं ठरलं. तोवर रात्री जीव घाबरला तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर तिच्या नवऱ्यानं तिथंच दोघांच्या मोबाइलमध्ये घालून घेतला.