खंदकात चार वर्षं? नाही

पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की हमखास कानावर येतं: ब्रिटिश स्वयंसेवक सैनिक खंदकात उतरला की युद्ध संपेपर्यंत तिथेच, नाहीतर मरण. हे खरं नाही. तुकड्यांची पाळी असे. काही दिवस आघाडीच्या खंदकात, मग मागच्या आधाराच्या खंदकात, मग राखीव फळीत, आणि त्यानंतर मागच्या गावात विश्रांतीला. विश्रांती नावाचीच, कारण तिथेही कवायत आणि ओझी वाहणं सुटत नसे. ब्रिटनहून सैन्यात गेलेल्या दहांपैकी जवळजवळ नऊजण जिवंत परतले.

मग हा समज इतका पक्का का? मला वाटतं, याचं उत्तर भरतीत आहे. जानेवारी 1916 मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा होईपर्यंत जवळजवळ 25 लाख माणसं स्वखुशीने दाखल झाली. अनेक ठिकाणी एकाच गावचे, एकाच गिरणीतले मित्र एकाच पलटणीत. 1 जुलै 1916 ला, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, 19,240 ब्रिटिश सैनिक मेले. तिथल्या सेर गावासमोर इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनच्या पलटणीतले सुमारे 700 जण पुढे सरसावले. त्यांतले 584 मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले. अ‍ॅक्रिंग्टन म्हणजे छोटंसं गिरणगाव. गल्लीगल्लीत सुतक आलं. म्हणूनच ‘गेला तो मेला’ हेच लोकांच्या मनात राहिलं असावं.